कोर्टानं सांगितलेला रागाचा कोर्स : अमेरिकेत तो ऑनलाइन कसा पूर्ण करावा

रस्त्यावरची बाचाबाची, शेजाऱ्याशी झालेली धक्काबुक्की किंवा घरातल्या भांडणात कुणीतरी ९११ला लावलेला फोन, एवढ्यावरून अमेरिकेत फौजदारी खटला उभा राहू शकतो. गुन्हा कमी गंभीर, म्हणजे तिथल्या भाषेत ‘मिस्डिमीनर’ असेल आणि आधीची कुठलीही नोंद नसेल, तर न्यायाधीश पुष्कळदा तुरुंगाऐवजी प्रोबेशन देतात. प्रोबेशनच्या अटींत अनेकदा एक ओळ असते : इतक्या तासांचा ‘अँगर मॅनेजमेंट’ किंवा ‘इमोशनल रेग्युलेशन’चा, म्हणजे राग आणि भावना सांभाळण्याचा कोर्स पूर्ण करून प्रमाणपत्र सादर करावं.

न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या एखाद्या मराठी घरात ही ओळ आली, की सगळे हबकून जातात. बोभाटा नको म्हणून कुणाला विचारलं जात नाही. मग फोनवर शोधून जो पहिला कोर्स दिसेल त्याचे पैसे भरले जातात आणि कोर्टाच्या तारखेला कळतं की तो कोर्टाला चालत नाही. ही फरफट टाळता येते. त्यासाठी आदेश कसा वाचायचा, कोर्स कसा निवडायचा, धड्यांत काय असतं आणि प्रमाणपत्र कुठे द्यायचं, हे क्रमानं पाहू. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याचा आणि पुष्कळदा प्रत्येक काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, नियम वेगळा असतो, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचा आणि तुमच्या आदेशाचा.

प्रोबेशन कशासाठी असतं

बोस्टनमध्ये बूट बनवणारे जॉन ऑगस्टस नावाचे गृहस्थ होते. १८४१ साली त्यांनी दारूबाजीच्या आरोपावरून कोर्टात आणलेल्या एका माणसाची हमी घेतली आणि त्याला सोडवून नेलं. तीन आठवड्यांनी तो माणूस ओळखू न येण्याइतका सुधारून कोर्टात हजर झाला. पुढे १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यानं प्रोबेशनचा कायदा केला. माणसाला कुटुंबात आणि नोकरीत राहू द्यायचं, पण अटींवर आणि देखरेखीखाली, हा त्यामागचा विचार आजही कायम आहे. कोर्स ही त्यातली एक अट. ती पाळली नाही, तर बाजूला ठेवलेली शिक्षा पुन्हा समोर येऊ शकते.

प्रोबेशन दोन तऱ्हेचं असतं. एकात प्रोबेशन ऑफिसर नेमलेला असतो आणि त्याला ठरावीक काळानं भेटावं लागतं. दुसऱ्यात ऑफिसर नसतो, माणूस थेट कोर्टाला जबाबदार असतो. आपलं प्रोबेशन यांतलं कुठलं, हे आधी समजून घ्या. कोर्सला मंजुरी कुणाकडे मागायची आणि प्रमाणपत्र कुणाला द्यायचं, हे त्यावरच ठरतं.

पहिलं काम आदेश वाचण्याचं

कोर्स शोधण्याआधी आदेशाची प्रत समोर ठेवा. प्रत नसेल तर वकिलाकडून किंवा कोर्टाच्या क्लार्ककडून घ्या. तिच्यात पाच गोष्टी शोधायच्या आणि कागदावर उतरवायच्या.

पहिली, कोर्सचं नाव. ‘अँगर मॅनेजमेंट’, ‘इमोशनल रेग्युलेशन’, ‘कौन्सेलिंग’ आणि जोडीदाराला मारहाण करणाऱ्यांसाठीचा ‘बॅटरर्स इंटरव्हेन्शन प्रोग्रॅम’ ही चार वेगळी कामं आहेत आणि एकाच्या जागी दुसरं चालेल असं गृहीत धरता येत नाही. दुसरी, मोजमाप. आदेशात तास दिलेत की आठवडे, हे नीट पाहा. १२ आठवड्यांचा कोर्स सांगितला असेल, तर १२ तासांचा कोर्स दोन दिवसांत उरकून अट पूर्ण होत नाही. तिसरी, स्वरूप. समोरासमोरच हवा की ऑनलाइन चालेल? ऑनलाइन चालत असेल, तर शिक्षकासह व्हिडिओवर भरणारा वर्ग हवा की आपल्या सवडीनं वाचायचे धडे चालतील? चौथी, मुदत. नाव नोंदवल्याचा पुरावा देण्याची तारीख आणि कोर्स संपवण्याची तारीख बहुधा वेगवेगळ्या असतात. पाचवी, पुरावा द्यायचा कुणाला, ऑफिसरला, क्लार्कला की सरकारी वकिलाला?

यांतलं एखादं उत्तर आदेशात सापडलं नाही, तर वकिलाला विचारा. आपल्या सोयीचा अर्थ काढू नका.

घरातली हिंसा असेल तर रस्ता वेगळा

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगते. पत्नी, पती किंवा जोडीदारावर हात उचलल्याचा खटला असेल, तर बहुतेक ठिकाणी रागाचा साधा कोर्स पुरत नाही. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतलं कलम १२०३.०९७ अशा प्रकरणात किमान ३६ महिन्यांचं प्रोबेशन सांगतं. सोबत ५२ आठवड्यांचा कार्यक्रम असतो, दर आठवड्याला किमान दोन तासांचा. तो साधारणपणे १८ महिन्यांच्या आत संपवावा लागतो आणि योग्य कारणाशिवाय तीनपेक्षा जास्त वर्ग चुकवता येत नाहीत. हा कार्यक्रम काउंटीच्या प्रोबेशन खात्यानं मान्य केलेला असावा लागतो. टेक्सासमध्येही अशा गुन्ह्यांसाठी ‘बॅटरिंग इंटरव्हेन्शन अँड प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ नावाची वेगळी, राज्याच्या मान्यतेनं चालणारी व्यवस्था आहे.

हा भेद करण्यामागे ठोस कारण आहे. साहेबावर, शेजाऱ्यावर किंवा दुकानदारावर जो माणूस कधी आवाजही चढवत नाही, तोच घरी येऊन मारत असेल, तर त्याला राग आवरता येत नाही असं म्हणता येत नाही. तो राग कुठे काढायचा हे त्याला बरोबर कळतं. म्हणून या कार्यक्रमांत सत्ता, धाक, पैशांवरचा ताबा आणि नात्यातली जबरदस्ती यांवर काम होतं. कॅलिफोर्नियाच्या कार्यक्रमात पती-पत्नींना एकत्र बसवून समुपदेशन करायला मनाई आहे, कारण ज्याची भीती वाटते त्याच्या शेजारी बसून कुणी मोकळेपणानं बोलू शकत नाही.

अशा खटल्यात संरक्षण आदेशही निघतो आणि कोर्स पूर्ण झाला म्हणून तो आपोआप उठत नाही. तो बदलण्याचा अधिकार फक्त न्यायाधीशांना असतो. संपर्काला बंदी असेल, तर पुण्याच्या सासूबाईंकरवी निरोप धाडणं किंवा मित्राला मध्यस्थ घालणं हाही बहुधा भंगच ठरतो. भारतातून लेकाची बाजू सावरायला निघालेल्या आईवडिलांनी हे मनावर घ्यावं. त्यांचा एक फोन त्याला पुन्हा कोर्टात उभा करू शकतो.

कोर्स निवडणं आणि लेखी होकार

‘कोर्टमान्य’ असं ठळक अक्षरांत लिहिलेली संकेतस्थळं खूप आहेत. मात्र साऱ्या देशातल्या कोर्टांनी मान्य केलेली अशी एकच सरकारी यादी नाही. एका काउंटीत चालणारा कोर्स शेजारच्या काउंटीत नाकारला जाऊ शकतो. त्यामुळे जाहिरातीतल्या शब्दाला किंमत नाही, तुमच्या कोर्टाच्या किंवा ऑफिसरच्या होकाराला आहे.

तुमच्या काउंटीच्या प्रोबेशन खात्याकडे मान्य संस्थांची यादी आहे का, हे आधी विचारा. असेल तर तिच्यातूनच निवडा. नसेल तर दोन-तीन कोर्स पाहून त्यांची माहिती पुढे पाठवा : संस्थेचं नाव, पत्ता, शिकवणाऱ्याची पात्रता, एकूण तास, स्वरूप आणि प्रमाणपत्राचा नमुना. पैसे भरण्याआधी होकार लेखी घ्या. फोनवर ‘चालेल’ असं ऐकलं असेल, तर त्याच दिवशी ईमेल करा : ‘आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे या संस्थेचा इतक्या तासांचा ऑनलाइन कोर्स मी सुरू करत आहे, काही हरकत असल्यास कृपया कळवावं.’ आलेलं उत्तर जपून ठेवा. ऑफिसर बदलतात, कागद राहतो.

भाषेचा विचारही इथेच करा. बहुतेक कोर्स इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये असतात. इंग्रजी वाचायला अडचण असेल, तर ती लपवू नका. वकिलामार्फत आधीच सांगा आणि दुभाष्या किंवा वेगळी सोय मिळते का ते विचारा. मुलानं किंवा मित्रानं तुमच्या जागी बसून धडे सोडवले, तर ती कोर्टाची फसवणूक होते.

नोंदणीपासून शेवटच्या धड्यापर्यंत

नोंदणी करताना नाव कोर्टाच्या कागदावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर एक नाव, कामावर दुसरं आणि मधलं नाव कधी वडिलांचं, कधी पतीचं, असा प्रकार असतो. प्रमाणपत्रावरचं नाव खटल्यातल्या नावाशी जुळलं नाही, तर विनाकारण एक फेरी वाढते. केस नंबर विचारला तर आकडा आकड्याशी ताडून भरा. नोंदणीची पावती लगेच उतरवून घ्या, कारण नाव नोंदवल्याचा पुरावा तीच.

सवडीनं करायच्या कोर्समध्ये मजकूर, व्हिडिओ, स्वाध्याय आणि प्रत्येक प्रकरणानंतर छोटी चाचणी असते. तास खरोखर भरावेत म्हणून अनेक ठिकाणी प्रत्येक पानाला घड्याळ लावलेलं असतं, ठरलेला वेळ सरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. चाचणीत नापास झालात तर बहुधा पुन्हा देता येते. व्हिडिओवरच्या वर्गाचे नियम अधिक कडक असतात : कॅमेरा चालू हवा, एकांताची खोली हवी, गाडी चालवताना हजेरी लावता येत नाही आणि उशिरा आलात तर ती हजेरी धरत नाहीत.

आणखी एक काळजी घ्या. वर्गात किंवा स्वाध्यायात लिहिलेलं संपूर्ण गुप्त राहील असं समजू नका. तुमची हजेरी आणि प्रगती कोर्टाला कळवली जाते. खटल्याचा एखादा भाग अजून प्रलंबित असेल, तर त्या घटनेबद्दल काय लिहावं आणि काय लिहू नये, हे वकिलाला विचारून घ्या.

धड्यांत काय शिकवतात

कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हॅको यांनी १९७५ साली रागावरच्या उपचाराची शास्त्रीय मांडणी केली. आजच्या पुष्कळशा कोर्सची मुळं तिथे सापडतात. पुढे पॅट्रिक रायली आणि मायकेल शॉपशायर यांनी लिहिलेली १२ आठवड्यांच्या वर्गांची पुस्तिका अमेरिकी सरकारच्या ‘सॅम्सा’ या आरोग्य संस्थेनं २००२ साली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते आणि अनेक ठिकाणी वापरली जाते. कोर्स कुठलाही असला, तरी त्याचा गाभा ओळखीचा निघतो.

सुरुवात राग आणि आक्रमकता वेगळ्या करण्यापासून होते. राग ही भावना आहे आणि ती सगळ्यांना येते. आक्रमकता ही कृती आहे आणि तिची जबाबदारी करणाऱ्याची असते. ‘आमच्या घराण्यातच राग आहे’ ही समजूत इथे पहिल्यांदा तपासली जाते. रागावण्याची रीत माणूस मोठ्या प्रमाणात घरातून उचलतो आणि शिकलेली रीत बदलताही येते.

मग येते रागाची मोजपट्टी, १ ते १०. १० म्हणजे ताबा सुटणं. दर आठवड्याला आपला आकडा कुठवर गेला आणि कशामुळे, हे नोंदवायचं. सोबत चार प्रकारच्या खुणा ओळखायच्या. छातीत धडधडणं, कान तापणं या शरीराच्या. येरझाऱ्या घालणं, आवाज चढणं या वागण्याच्या. रागाखाली दडलेली भीती, अपमान, मत्सर या भावनांच्या. ‘हा मुद्दाम मला खिजवतोय’ ही विचारांची. दूध उतू जाण्याआधी कडेला फेस चढतो, तेव्हाच गॅस बारीक करावा लागतो. राग ४-५ वर असतानाच ओळखण्याचा सराव हा या कोर्सचा सर्वांत उपयोगी भाग आहे. ९ वर पोहोचल्यावर कुठलंही तंत्र आठवत नाही.

खुणा कळल्या की उपाय. ‘टाइम आउट’ म्हणजे भांडण वाढायच्या आत सांगून बाजूला होणं. यात सांगणं महत्त्वाचं : ‘मी अर्ध्या तासानं परत येतो, मग बोलू.’ दार आपटून निघून जाणं आणि रात्रभर न परतणं म्हणजे टाइम आउट नव्हे. त्या अर्ध्या तासात दारू प्यायची नाही, गाडी घेऊन सुसाट जायचं नाही, मनात तेच भांडण घोळवायचं नाही. संथ श्वास घ्यायचा आणि स्नायू एकेक करून आवळायचे नि सैल सोडायचे.

उशीवर ठोसे मारून राग ‘बाहेर काढावा’ असं पुष्कळांना वाटतं. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलट दिसलं : राग आणणाऱ्या माणसाला आठवत ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. राग गिळण्यानंही साधत नाही. जेम्स ग्रॉस यांच्या अभ्यासांत भावना चेहऱ्यावर न दाखवता दाबून धरणाऱ्यांच्या शरीरावरचा ताण कमी न होता वाढलेला आढळला. घटनेकडे लवकर, वेगळ्या नजरेनं पाहणं त्याहून जास्त उपयोगी ठरतं.

वेगळ्या नजरेनं पाहण्याची पायरी अल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीवर बेतलेली असते. घटना, तिच्याबद्दलची आपली धारणा, धारणेतून आलेला परिणाम आणि मग त्या धारणेची उलटतपासणी. पुढच्या गाडीनं वाट अडवली ही घटना. ‘माझी वाट अडवायची कुणाची हिंमत?’ ही धारणा. हॉर्नवर हात ठेवून पाठलाग हा परिणाम. ‘त्याला घाई असेल, त्यानं मला पाहिलंही नसेल, मला घरी सुखरूप पोहोचायचंय’ ही उलटतपासणी.

कोर्सच्या नावात ‘इमोशनल रेग्युलेशन’ असेल, तर मार्शा लिनेहॅन यांनी १९९३ साली मांडलेल्या उपचारपद्धतीतली कौशल्यंही त्यात असतात. भावनेला अचूक नाव देणं, वस्तुस्थिती तपासणं आणि भावना परिस्थितीला साजेशी नसेल तर ती सांगते त्याच्या उलट वागणं. अंगावर जावंसं वाटत असेल, तर एक पाऊल मागे घेणं आणि आवाज खाली आणणं. झोप, वेळेवर जेवण, व्यायाम आणि नशेपासून लांब राहणं यांचाही तिथे धडा असतो, कारण थकलेल्या, उपाशी माणसाचा पारा लवकर चढतो.

शेवटी ठामपणे बोलणं. आपली गरज स्पष्ट सांगायची, पण समोरच्याला ठेचायचं नाही. ‘तू नेहमी असंच करतेस’ ऐवजी ‘न सांगता पाहुणे आले की मला ताण येतो, पुढच्या वेळी आधी सांगशील का?’

याचा उपयोग होतो का? रिचर्ड बेक आणि एफ्रेम फर्नांडिस यांनी १९९८ साली या पद्धतीवरचे ५० अभ्यास एकत्र तपासले. त्यांत १,६४० व्यक्ती होत्या. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्यांपैकी ७६ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळली. मात्र पानं उलटून हा फायदा मिळत नाही. शिकलेलं रोजच्या भांडणात वापरून पाहावं लागतं.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

त्यावर तुमचं पूर्ण नाव, केस नंबर, कोर्सचं नाव, एकूण तास, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, संस्थेचा संपर्क आणि सही आहे का, हे आदेश शेजारी ठेवून ताडा. काही चुकलं असेल, तर संस्थेकडून दुरुस्त करून घ्या, स्वतः खाडाखोड करू नका. मग आदेशात सांगितलं असेल तिथेच ते द्या आणि पोच घ्या. ‘संस्था परस्पर पाठवेल’ यावर विसंबू नका. एक प्रत वकिलाला द्या, एक आपल्याकडे कायमची ठेवा. कोर्स संपला म्हणजे प्रोबेशन संपलं असंही नाही. बाकीच्या अटी मुदतीपर्यंत चालूच राहतात.

मुदत हुकणार असं दिसलं, तर तारखेच्या आधीच वकिलाला सांगून वाढ मागा. आजारपणाचे किंवा नोकरीचे कागद जोडा. अट मोडल्याचा आरोप आला तरी सुनावणीशिवाय प्रोबेशन रद्द करता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली या खटल्यात सांगितलं. १९८३च्या बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या निकालानुसार प्रामाणिक प्रयत्न करूनही पैसे भरता आले नाहीत, एवढ्याच कारणानं थेट तुरुंगात टाकता येत नाही. फी परवडत नसेल, तर गप्प बसू नका. सवलत मागा, उत्पन्नाचा पुरावा द्या.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी

१९९६ पासून अमेरिकी इमिग्रेशन कायद्यात ‘दोषसिद्धी’ची व्याख्या रुंद आहे. गुन्हा कबूल केला आणि कोर्टानं काही शिक्षा किंवा बंधन घातलं, तर पुढे खटला काढून टाकला तरी इमिग्रेशनच्या दृष्टीनं ती दोषसिद्धी ठरू शकते. घरगुती हिंसेचे काही गुन्हे थेट हद्दपारीचं कारण होतात. २०१०च्या पॅडिला विरुद्ध केंटकी या निकालानं अशा परिणामांची कल्पना अशिलाला देणं हे वकिलाचं कर्तव्य ठरवलं. म्हणून ‘नुसता कोर्स करायचाय’ असं ऐकून कबुलीजबाबावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्या. प्रोबेशन चालू असताना नागरिकत्वाचा अर्ज मंजूर होत नाही. भारतात लग्नाला किंवा आजारी आईवडिलांना भेटायला जायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी परवानगी लागते का ते तपासा.

भारतात प्रोबेशनसाठी १९५८चा अपराधी परिविक्षा अधिनियम आहे आणि महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत काम करतात. घरगुती हिंसाचारविरोधी २००५च्या कायद्याचं कलम १४ दंडाधिकाऱ्यांना एकेकट्यानं किंवा दोघांना एकत्र समुपदेशन घ्यायला सांगण्याचा अधिकार देतं. कॅलिफोर्नियाची रीत याच्या नेमकी उलटी आहे. त्यामुळे इथल्या अनुभवावरून तिथल्या नातेवाइकाला सल्ला देऊ नका.

तुमच्या घरात कुणाला असा आदेश आला असेल, तर त्याला पाठीशी घालू नका आणि वाळीतही टाकू नका. ज्याला त्याच्या रागाचा त्रास झाला, तिची किंवा त्याची आधी विचारपूस करा. मग याच्याजवळ बसून आदेश वाचा, तारखा लिहून घ्या, होकार लेखी मिळवा आणि प्रत्येक धडा त्यालाच करू द्या. कोर्टाला प्रमाणपत्र पुरतं. घरातल्या माणसांना त्याचं बदललेलं वागणंच हवं आहे, आणि कोर्सचे तास त्यासाठीच वापरावेत.